शाळेतली सिस्टर: काम नेमकं काय, आणि काय नाही

कंदील (धागाकर्ती)

मे-जून आला की 'शाळेसाठी नर्स पाहिजे' अशा जाहिराती दिसू लागतात. पात्रता, वेळ, पगार एवढं असतं. काम काय याबद्दल एक ओळ नसते. मग रुजू झालेल्या सिस्टरकडे फुटलेले गुडघे येतात तशीच बसची यादी, स्नेहसंमेलनाच्या कपड्यांचे गठ्ठे आणि रजेवरच्या बाईंचा तासही येतो. कार्यसूची लिहायला बसलेल्या शाळांना आणि या कामात नव्याने शिरणाऱ्यांना उपयोगी पडावा म्हणून हा धागा. महाराष्ट्रातल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. चुकलं तर दुरुस्त करा.

आधी पात्रता. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसाविका) तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. यांपैकी काहीही असो, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू मुदतीची हवी. शाळा झेरॉक्स फायलीत लावते आणि मुदतीची तारीख कोणी बघत नाही. काही महिन्यांचा 'असिस्टंट' कोर्स केलेली व्यक्ती नर्स नव्हे. तिला इंजेक्शन द्यायला लावणं म्हणजे शाळेने विकतचं दुखणं घेणं.

आता मुद्द्याचं. रुग्णालयात नर्सने हाक मारली की डॉक्टर येतो. शाळेत ती एकटी, आणि स्वतःच्या मनाने औषध ठरवायचा अधिकार तिला नाही. ही अडचण जूनमध्येच तयार करून ठेवलेल्या कागदांनी सुटते. ऐन वेळी कोणी काही सोडवू शकत नाही.

पहिला कागद स्थायी आदेश, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर्स. शाळेशी जोडलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही, त्याचा नोंदणी क्रमांक, तारीख, आणि दरवर्षी नव्याने सही. 'ताप असल्यास पॅरासिटामॉल द्यावे' याला आदेश म्हणत नाहीत. आदेश असा लागतो: काखेतलं तापमान किती झाल्यावर, किलोला किती मिलिग्रॅम, दोन डोसांत किती तासांचं अंतर, कोणत्या लक्षणांत औषध न देता थेट रुग्णालय, आणि पालकांना कधी फोन.

पॅरासिटामॉलचंच उदाहरण पुढे नेते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. डोस किलोला १५ मिग्रॅ, किमान ४ ते ६ तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. सिरप दोन ताकदींत येतं: ५ मिलीत १२० किंवा १२५ मिग्रॅ, आणि ५ मिलीत २५० मिग्रॅ. २० किलोच्या मुलाला ३०० मिग्रॅ लागतात. ते २५०च्या बाटलीतून ६ मिली, १२५च्या बाटलीतून १२ मिली. खोलीत एकाच ताकदीची बाटली ठेवा, दुसरी घेऊच नका. दुसरी चूक अशी की घरी सातला डोस पाजून मूल शाळेत पाठवलेलं असतं आणि सिस्टर नऊला पुन्हा देते. म्हणून औषध देण्याआधी घरी फोन, आणि 'सकाळी काय दिलं, किती वाजता' हा प्रश्न. ॲस्पिरिन मुलांच्या कपाटात असूच नये.

दुसरा कागद औषध-संमती: डॉक्टरची चिठ्ठी, पालकाची सही, आणि मूळ वेष्टनातलं औषध. कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या आल्या तर घ्यायच्या नाहीत, वर्गशिक्षिकेने कितीही गळ घातली तरी.

तिसरा मुलागणिक आराखडा. दमा, फिट्स, टाइप १ मधुमेह, तीव्र ॲलर्जी, सिकल सेल, हृदयदोष असलेल्या प्रत्येक मुलाचं एक पान: फोटो, वजन आणि ते घेतल्याची तारीख, *या* मुलात त्रास कसा दिसतो, पहिली तीन पावलं, फोन नंबर. प्रती वर्गशिक्षक, पीटीचे सर आणि बसमधल्या ताईंकडे. वजन दर सत्राला नवं, कारण जूनचं वजन जानेवारीत खोटं ठरतं आणि डोस त्यावरच बेतलेला असतो.

तिचं काम काय नाही: रोगनिदान, खेळासाठी 'फिट' असल्याचा दाखला, आणि पालकांनी न कळवलेलं औषध 'आपलं देऊन टाका' म्हणून देणं.

---

हिशेबनीस

चांगला धागा. संस्थाचालकांच्या बैठकीत हमखास निघणारा प्रश्न इथेच मांडतो: चार शिक्षकांना प्रथमोपचाराचं प्रशिक्षण दिलं, पेटी ठेवली आणि जवळच्या डॉक्टरांशी बोलणं केलं, तर पूर्णवेळ नर्स कशाला? वर्षातले दोनशे-सव्वादोनशे दिवस, त्यात बहुतेक खरचटणं आणि पोटदुखी.

---

शहाळं

@हिशेबनीस, खरचटण्यासाठी नर्स नकोच, शिक्षक पुरेत. तुमच्या पटावर रोज औषध किंवा रोज तपासणी लागणारी मुलं किती, ते आधी मोजा. प्रवेश अर्जात 'काही आजार आहे का? हो/नाही' असा रकाना असेल तर उत्तर नेहमी 'नाही' येतं. पालकांना प्रवेश नाकारतील अशी धास्ती असते. प्रवेश पक्का झाल्यावर वेगळा आरोग्य-अर्ज भरून घ्या, त्यात एकेका आजाराचं नाव छापा, आणि 'गेल्या वर्षभरात पंप/नेब्युलायझर लागला का?' असं विचारा. 'दमा' या शब्दाला 'नाही' म्हणणारे या प्रश्नाला 'हो' म्हणतात.

टाइप १ मधुमेहाचं एकच मूल असलं तरी शाळेच्या वेळेत काय करावं लागतं ते बघा. डब्याआधी साखर मोजणं, इन्सुलिनचं युनिट ताडून पाहणं, पीटीच्या तासाआधी पुन्हा मोजणं. साखर ७० मिग्रॅच्या खाली गेली की ग्लुकोज. मोठ्यांचा '१५ ग्रॅम' हा नियम लहान मुलाला जसाच्या तसा लावू नये; किलोला ०.३ ग्रॅम धरा. म्हणजे २० किलोला ६ ग्रॅम, ३० किलोला ९. सपाट चहाचा चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम ग्लुकोज पावडर. पाण्यात कालवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर तेवढंच पुन्हा. चॉकलेट, बिस्किट चालत नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते. मूल गुंगीत असेल तर तोंडातून काहीही नाही.

चुका कुठे होतात? हाताला चिक्कीचा चिकटा असताना बोट टोचलं की यंत्र २०० दाखवतं आणि खरी साखर ६५ असते. साबणाने हात धुऊन, कोरडे करून मगच टोचा. स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेने स्ट्रिपा बाद होतात. आणि सगळ्यात घातक म्हणजे 'चक्कर येतेय' म्हणणाऱ्या मुलाला एकट्याला जिन्यावरून आरोग्य खोलीत धाडणं. सिस्टरने वर्गात जायचं, मुलाने खाली यायचं नाही. वर्गशिक्षिकेला सांगून ठेवायचं की हे मूल एकाएकी गप्प झालं, चिडचिडलं किंवा अक्षर गिचमिड झालं, तर आधी साखर, मग ओरडा.

वापरात नसलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या दारात नाही आणि फ्रीझरला चिकटून नाही. वापरातलं पेन बाहेर साधारण चार आठवडे टिकतं, पण मे महिन्यातल्या विदर्भाच्या 'बाहेर' नव्हे. मातीच्या ओल्या कुंडीत डबी ठेवायची जुनी युक्ती चांगली चालते.

हे सगळं इंग्रजीच्या तासाच्या मधे उठून शिक्षक करतील का?

---

हिशेबनीस

मुद्दा समजला. पट मोजायचा हे डोक्यात नव्हतं.

---

फुंकणी

दम्याबद्दल, कारण पंप असूनही उपयोग होत नाही याचं कारण बहुतेक वेळा हाताळणीत असतं.

साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅमचा पंप *स्पेसरशिवाय* (पंपाला लावायच्या प्लास्टिकच्या नळकांड्याशिवाय) दिला तर औषधाचा मोठा भाग टाळूला आणि जिभेला चिकटतो. मूल सरळ बसवा, झोपवू नका. पंप हलवा, स्पेसरला लावा, ओठ घट्ट, एक फवारा, चार ते सहा संथ श्वास. पंप पुन्हा हलवा, मग दुसरा फवारा. एकदम चार फवारे स्पेसरमध्ये मारून 'आता श्वास घे' म्हणणं ही सर्रास चूक. ऑस्ट्रेलियात शाळांना शिकवतात तो चार-चार-चारचा नियम लक्षात ठेवायला सोपा: ४ फवारे, प्रत्येकाला ४ श्वास, ४ मिनिटं थांबा, फरक नसेल तर पुन्हा ४, तरी नसेल तर रुग्णवाहिका, आणि ती येईपर्यंत हेच चालू. मूल एका दमात वाक्य पुरं करू शकत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर असतील तर चार मिनिटं वाट बघू नका, १०८ आधी. छातीतली शिट्टी एकाएकी ऐकू येईनाशी झाली आणि मूल मलूल पडलं तर ती सुधारणा नाही; हवा आत जाणंच बंद होत आलेलं असतं.

स्पेसर भांड्याच्या साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्या. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. एका मुलाचा स्पेसर दुसऱ्याला नाही. पंपात औषध किती उरलं हे हलवून कळत नाही, पाण्यात तरंगवूनही कळत नाही. काउंटर असलेला घ्या, नाहीतर २०० फवाऱ्यांचा हिशेब डबीवरच्या चिठ्ठीवर रेघा मारून ठेवा.

आणि हो, फळा पुसायचं काम दमेकरी पोराला देऊ नका. हा आरोग्य-आराखड्याचाच भाग आहे.

---

खडूची_धूळ

तीव्र ॲलर्जीवर कोणी लिहिलं नाही. काजू, शेंगदाणे, मधमाशी, काहींना झिंगे. अशा वेळी आमच्याकडे ॲलर्जीची गोळी आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. नर्सने तेवढं देऊन रुग्णालयात न्यावं, बरोबर ना?

---

कंदील

नाही. हीच पद्धत मोडायची आहे. अंगावर गांधी उठल्या आणि मूल हसतं-खेळतं आहे, तर ॲलर्जीची गोळी ठीक. पण गांधींसोबत आवाज बसला, धाप लागली, वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल पांढरंफटक पडलं, तर पहिलं औषध ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन. गोळी आणि स्टेरॉइड मागाहून. त्यांनी घसा उघडत नाही आणि रक्तदाब सावरत नाही.

ॲम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) १ मिलीची, १:१०००, म्हणजे १ मिलीत १ मिग्रॅ. डोस किलोला ०.०१ मिली: २० किलोला ०.२ मिली, ३० किलो आणि त्यापुढच्या मुलांना ०.३ मिली. किशोरवयात ०.५ पर्यंत देतात. तो आकडा स्थायी आदेशात डॉक्टरने लिहिलेला हवा. जागा मांडीची पुढची-बाहेरची बाजू, मध्यावर, स्नायूत. गरज पडली तर पँटवरूनही. ५ मिनिटांत फरक नाही तर दुसरा डोस. मूल आडवं, पाय उंच. दम लागत असेल तर टेकून बसवा, पण उभं करून गाडीपर्यंत चालवत नेऊ नका. उठून उभं राहिल्यावर रक्तदाब कोसळून मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

सिरिंज १ मिलीची, पण इन्सुलिनची नको. एक तर तिच्यावर खुणा युनिटच्या असतात, घाईत घोळ होतो. शिवाय तिची सुई ६-८ मिमीची, ती स्नायूपर्यंत पोचत नाही. २३ किंवा २५ नंबरची, एक इंची सुई. वजनानुसार मिलीचा तक्ता ॲम्प्यूलच्या डबीला चिकटवून ठेवा. त्या क्षणी कोणालाही गुणाकार येत नाही. ॲम्प्यूल उजेडापासून दूर, द्रावण पिवळट-तपकिरी दिसलं तर फेका.

आणि पुन्हा तेच: सही केलेला स्थायी आदेश नसेल तर ही ॲम्प्यूल कपाटात असून नसल्यासारखी. नर्स फोनवर डॉक्टर शोधत बसते.

---

थेम्सकाठी

इंग्लंडमधली बाजू, तुलनेसाठी. इथे स्कूल नर्स सहसा एका शाळेत बसलेली नसते. एकीकडे अनेक शाळा असतात आणि काम मुख्यतः सार्वजनिक आरोग्याचं. पहिल्या वर्गातल्या (४-५ वर्षं) आणि सहावीतल्या (१०-११ वर्षं) मुलांची उंची-वजनं राष्ट्रीय कार्यक्रमातून घेतली जातात. लसीकरणाची पथकं वेगळी. रोजचं औषध देण्याचं काम शाळेचे प्रशिक्षित कर्मचारी करतात, नर्स त्यांना शिकवते आणि आराखडा तपासते.

भारतात उचलण्यासारखी एक गोष्ट: ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना चिठ्ठीशिवाय 'सुटा' साल्ब्युटामॉल पंप ठेवता येतो आणि ऑक्टोबर २०१७ पासून ॲड्रिनॅलिनचं स्वयंचलित पेनसुद्धा. मुलाचं स्वतःचं घरी राहिलं किंवा संपलं तर शाळेचं वापरायचं, पालकांची लेखी संमती आधीच घेतलेली. ज्याच्या आराखड्यात पंप आहे त्यालाच तो मिळतो.

अवांतर: शाळेतली नर्स ही कल्पना न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली रुजली. डॉक्टर शाळांत जाऊन उवा, खुपऱ्या, गजकर्ण बघायचे आणि मुलांना घरी पाठवायचे. घरी उपचार होत नसत, वर्ग ओस पडत. हेन्री स्ट्रीट सेटलमेंटच्या लिलियन वॉल्ड यांनी लिना रॉजर्स या नर्सला तिथे पाठवलं, तिने शाळेतच मलमपट्टी केली आणि घरोघरी जाऊन आयांना शिकवलं. मुलं वर्गात परतली. मूळ हेतू हा आहे: मूल *शाळेत राहावं*.

---

निळी_गोळी

इथवरची सगळी चर्चा खासगी शाळांची चालली आहे. जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांचं काय? तिथे नर्स इमारतीत नसते, ती येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर (एक स्त्री, एक पुरुष), एक एएनएम किंवा स्टाफ नर्स, एक औषधनिर्माता. शाळा वर्षातून एकदा, अंगणवाडी दोनदा. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर शोधून पुढे पाठवायचं. मुलं वर्षातून एकदा दिसणार, त्यामुळे पथकातल्या सिस्टरचं खरं काम तपासणीनंतर सुरू होतं: पाठवलेलं मूल पोचलं का? संदर्भ चिठ्ठी दप्तरात तशीच राहते. चिठ्ठीचा दुसरा भाग शाळेत ठेवून मुख्याध्यापकांकडून महिन्याने विचारपूस झाली तरच साखळी पुरी होते.

साप्ताहिक लोह-फॉलिक गोळी: १० ते १९ वर्षांना निळी, ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. ५ ते ९ वर्षांना गुलाबी, ४५ मिग्रॅ आणि ४०० मायक्रोग्रॅम. उपाशीपोटी दिली की मळमळ, एकाला उलटी झाली की वर्गात लागण लागल्यासारखी दहा जणांना होते, दुसऱ्या दिवशी 'गोळ्यांमुळे विषबाधा' अशी बातमी. शालेय पोषण आहारानंतर तासाभराने, बसवून, भरपूर पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. शौचाला काळसर होईल हे *आधी* सांगायचं. ताप असलेल्या मुलाला त्या आठवड्यात नाही. थॅलेसेमिया असलेल्याला डॉक्टरला विचारल्याशिवाय कधीच नाही.

जंतनाशक अल्बेंडाझोल (४०० मिग्रॅ, दोन वर्षांखाली अर्धी) याच्या नेमकं उलट: ती चावून खायची, समोर उभं राहून. लहानांना चुरडून, पाण्यासोबत. अख्खी घशात अडकल्याने मूल गुदमरू शकतं. दोन्ही कार्यक्रमांच्या सूचना एकमेकींत मिसळतात, म्हणून शिक्षकांना वेगवेगळ्या दिवशी सांगा.

---

सह्याद्रीपल्याड

@निळी_गोळी, आश्रमशाळेच्या वसतिगृहाबद्दल भर घालते. तिथे रात्रीची जबाबदारी अधीक्षक-अधीक्षिकेवर असते, म्हणून सिस्टरने खरं शिकवायचं ते त्यांना.

साप. फरशीवर झोपणाऱ्या मुलांना मण्यार चावते तेव्हा खूण दिसत नाही, सूज नाही, मूल कधी जागंही होत नाही. पहाटे 'पोटात दुखतंय', मग पापण्या जड, गिळता येईना. पावसाळ्यात वसतिगृहात पहाटेची पोटदुखी आणि उतरलेल्या पापण्या म्हणजे मण्यार समजून निघायचं. ओवा-सोडा देत सकाळ उजाडायची वाट बघायची नाही. कोणत्याही सापाला: आवळून बांधायचं नाही, कापायचं-चोखायचं नाही. हातातले गंडे-दोरे, अंगठी काढा, अवयव मोडलेल्या हाडासारखा पट्टीने स्थिर करा, चालू देऊ नका, चावल्याची वेळ लिहा, १०८. गाडी येईपर्यंत कुठल्या रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे ते फोनवर विचारून घ्या.

लाल विंचू, विशेषतः कोकणात. दंशाच्या जागी वेदना असते, पण घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही धोक्याची खूण, कारण विष हृदयावर जातं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या कामामुळे प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ झाला, तो रुग्णालयात. शाळेचं काम वेळ न घालवणं.

सिकल सेल. गडचिरोली, नंदुरबार, पालघर या भागांत पटावर अशी मुलं असणारच. विद्राव्यता चाचणी फक्त 'आहे की नाही' सांगते. वाहक की रुग्ण हे एचपीएलसीने (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने) कळतं, आणि या दोघांची गल्लत केली की निरोगी वाहक पोर उगाच खेळातून बाद होतं. रुग्ण मुलासाठी वर्गात पाण्याची बाटली आणि लघवीला जायची कायमची परवानगी. गार पाण्याची आंघोळ, भर उन्हातलं संचलन नको. साध्या मुलाचा ताप आपण दिवसभर बघू शकतो, याचा ताप त्याच दिवशी रुग्णालयात. एकाएकी फिकट पडलं आणि डाव्या बरगडीखाली पोट फुगलं तर प्लीहेत रक्त साठत असतं. तिथे मिनिटं मोजायची.

---

खडूची_धूळ

ॲड्रिनॅलिनबद्दल धन्यवाद, कंदीलताई. फिट आल्यावर कांदा-चप्पल हुंगवणं अजून चालतं, त्यावरही लिहा ना. आणि नाकातून रक्त.

---

शहाळं

मी लिहिते. फिट: घड्याळ बघा, हे पहिलं. डोक्याखाली मऊ काही, चष्मा काढा, कॉलर सैल, कुशीवर वळवा. दातांत चमचा नाही, हात धरून दाबणं नाही, पाणी नाही, कांदा-चप्पल-किल्ल्या नाहीत. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपले आपण थांबतात, म्हणून चपलेला श्रेय मिळतं. ५ मिनिटं उलटली की आराखड्यात असेल तो मिडाझोलामचा नाकातला फवारा, किलोला ०.२ मिग्रॅ, दोन नाकपुड्यांत वाटून. एका फवाऱ्यात किती मिग्रॅ हे बाटलीनुसार बदलतं. तेव्हा 'किती फवारे' हा आकडा मुलाच्या पानावर आधीच लिहिलेला हवा आणि बाटली बदलली की खोडून नवा. पहिलीच फिट असेल तर वेळ कितीही असो, रुग्णालय.

नाकातून रक्त: मान *पुढे*. नाकाचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत, १० मिनिटं सलग. मधेमधे सोडून बघायचं नाही. तिथेच सगळे चुकतात.

पक्का दात पडला: मुळाला हात न लावता पांढऱ्या भागाने उचला, मळला असेल तर दूध किंवा सलाइनने क्षणभर विसळा, घासू नका, जमलं तर लगेच खोबणीत, नाहीतर गार दुधात, आणि अर्ध्या तासात दंतवैद्य. कोरड्या रुमालात गुंडाळलेला दात बहुधा वाचत नाही. दुधाचा दात परत बसवायचा नसतो.

डोक्याला मार: क्षणभर शुद्ध गेली, एकाहून जास्त उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, नाका-कानातून पाणी, बाहुल्या असमान, यांतलं काहीही असलं तर रुग्णालय. काही नसलं तरी मूल बसने पाठवू नका. पालकांच्या हाती द्या, आणि पुढचे दोन दिवस काय पाहायचं याची छापील चिठ्ठी.

---

दूरची_ओळ

दृष्टितपासणी हे सिस्टरचं सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात वाईट पद्धतीने होणारं काम. तक्ता ६ मीटरवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला, उजेड तक्त्यावर (खिडकी तक्त्यामागे नको). डोळा पुठ्ठ्याने झाका. तळहाताने झाकला की बोटांच्या फटीतून बघतात, आणि दाबला की पुढचा काही वेळ त्याच डोळ्याला धूसर दिसतं. रांग खोलीबाहेर, नाहीतर पाचव्या मुलापासून पुढे सगळ्यांना तक्ता पाठ. लहानांना ई-तक्ता, हाताने दिशा दाखवू द्या. डोळे बारीक करून वाचलं तर ते धरायचं नाही. दोन्हींपैकी एका जरी डोळ्याने ६/९ ची ओळ आली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, तरी नाही तर नेत्रतज्ज्ञ. दोन्ही डोळे उघडे ठेवून घेतलेली तपासणी निरुपयोगी. आळशी डोळा चांगल्या डोळ्याआड लपतो.

---

हिशेबनीस

संसर्गाचे दिवस? पालक भांडतात, 'बरं झालंय, घ्या वर्गात'.

---

कंदील

कांजिण्या: सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. गोवर: पुरळ उठल्यापासून ४ दिवस. गालगुंड: सूज आल्यापासून ५ दिवस. कावीळ अ: कावीळ दिसल्यापासून ७ दिवस. जुलाब-उलट्या: शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास. खरूज: पहिला उपचार होताच दुसऱ्या दिवशी, पण घरातल्या सगळ्यांचा एकाच रात्री. उवा: घरी पाठवायचं नाही, वर्गात नाव घ्यायचं नाही, संध्याकाळी पालकांना फोन.

एक जड विषय राहिला. मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे सिस्टरची जबाबदारी संपली असं नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत लिहा. खोदून विचारू नका, आंघोळ घालू नका, कपडे बदलू नका, आणि 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. ही नोंद रोजच्या नोंदवहीत नको. तिथे येणारा-जाणारा वाचतो.

रोजच्या वहीत: आल्याची वेळ, तक्रार, तापमान-नाडी, काय दिलं, कोणाला कळवलं, गेल्याची वेळ. महिनाअखेरीला तारखांवरून नव्हे, नावांवरून चाळा. एकाच मुलाची दर मंगळवारी तिसऱ्या तासाला पोटदुखी असेल तर पोट तपासून काही मिळणार नाही, त्या तासाला काय चालतं ते बघा.

---

फुंकणी

कचरा राहिला. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत शाळांच्या प्रथमोपचार खोल्या स्पष्ट लिहिल्या आहेत. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि सुईविना सिरिंज लाल, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, फुटक्या ॲम्प्यूल निळ्या खोक्यात. सॅनिटरी पॅड यात येत नाहीत. ते गुंडाळून पालिकेच्या कचऱ्यात वेगळे. जवळच्या रुग्णालयाच्या कचरा-गाडीत सामील व्हायचं पत्र जूनमध्येच घ्या.

---

खडूची_धूळ

शेवटचा प्रश्न. सिस्टर रजेवर असली की कपाटाची किल्ली कोणाकडे?

---

शहाळं

गोळ्या-सिरपचं कपाट कुलपात. एक किल्ली सिस्टरकडे, दुसरी कार्यालयात सही करून. सिस्टर नसलेल्या दिवशी रोजची औषधं देणार कोण, त्याचं नाव आदल्या दिवशी फळ्यावर, आणि नवं औषध त्या दिवशी स्वीकारायचं नाही. पण पंप-स्पेसर, ग्लुकोज, मिडाझोलाम आणि ॲड्रिनॅलिनचा डबा कुलपात कधीच नाही. मोठ्यांच्या हाताला येईल अशा उंचीवर, लाल झाकणाचा, सगळ्या शिक्षकांना माहीत असलेल्या जागी, आणि झाकणाला कागदी सील. सील फाटलं की कोणीतरी उघडलं हे कळतं. सोमवारी सकाळी सील बघायचं, महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोडून आतल्या तारखा वाचायच्या.

---

खडूची_धूळ

आमच्याकडे तो डबा कुलपात आहे. उद्या काढायला सांगते.